दोन सेटच्या मधली नव्वद सेकंदं

मेडिकलच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला मी पाठीवरून ओळखलं. ट्रेनरला माणसं पाठीवरून लवकर ओळखू येतात. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, मान पुढे आलेली, दिवसदिवस लॅपटॉपसमोर बसून पाठीला आलेला बाक. २०२३ च्या जानेवारीत हाच खांदा सरळ व्हावा म्हणून मी त्याला रोज रबर बँड ओढायला लावत होतो. मार्चनंतर तो गायब झाला आणि आता सप्टेंबर चालू होता.

मी हाक मारली. तो वळला, हसला आणि हातातल्या चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. मी सवयीने बोलून गेलो, "काय दादा, कुठं हरवलात? वजन वाढलेलं दिसतंय!"

दुकानाबाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, राग मानू नका, एक सांगतो. त्या दिवसांत मी दोनच कामांसाठी घराबाहेर पडायचो. कचरा टाकायला आणि तुमच्याकडे यायला. मग तुम्ही तो मेसेज टाकलात."

कुठला मेसेज ते मला आठवेना. त्याला मात्र शब्दन् शब्द पाठ होता. अधूनमधून एखाद्या सोमवारी मी बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कारणसम्राट' अशी यादी टाकायचो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त खाडे करणाऱ्यांची नावं आणि पुढे हसणारे चेहरे. लोकांना मजा यायची, दुसऱ्या दिवशी हजेरी वाढायची. त्या सोमवारी त्याचं नाव पहिलं होतं आणि खाली मी लिहिलं होतं, 'पैसे भरून झोपा काढणारे आमचे आयटीवाले.' झोप तर त्याला तीन आठवडे लागतच नव्हती. नंतर त्याने डॉक्टर गाठले, निदान झालं, औषधं सुरू झाली. पण कुठल्याच जिममध्ये त्याने परत पाय ठेवला नव्हता.

त्या रात्री शेवटची बॅच संपल्यावर मी ग्रुप उघडून मागच्या सगळ्या याद्या वाचल्या. चौदा होत्या.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा. बाराव्या वर्षी तालमीत गेलो. पहाटे चारला उठणं, मग जोर, बैठका, दोर चढणं आणि लाल माती. तिथं कुणी थकलो म्हटलं की 'अजून पन्नास मार' हे ठरलेलं उत्तर. पुढे पुण्यात आलो, सर्टिफिकेट कोर्स केला, सिंहगड रस्त्यावरच्या एका जिममध्ये लागलो, आणि तेच उत्तर टी-शर्ट बदलून इथं देत राहिलो. घाम गाळला की डोकं हलकं होतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता. विश्वास अजूनही आहे. फक्त ज्याला पलंगावरून उठवत नाही त्याला हे वाक्य ऐकून काय वाटत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

सकाळच्या सहाच्या बॅचला एक डॉक्टर मॅडम येतात. मनोविकारतज्ज्ञ आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, डेडलिफ्ट चांगली मारतात. मी त्यांना मेडिकलच्या दुकानातली गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मॅडम, मी काय करायला हवं होतं?" त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "तुझा जॉइनिंगचा फॉर्म दाखव."

फॉर्म नेहमीचाच होता. हृदयविकार, रक्तदाब, साखर, दमा, सांधे, ऑपरेशन, चालू औषधं. शेवटी उंची, वजन, 'ध्येय' आणि सही. मॅडमनी चालू औषधांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं किती लोक खरं लिहितात?" मी फायली काढल्या. माझ्या दीडशेच्या आसपास मेंबरांपैकी मनाच्या आजाराचं औषध एकानेही लिहिलेलं नव्हतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती, तिच्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार आढळला होता, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे दीडशेत पंधरा-सोळा. उपचार सगळेच घेत नाहीत हे धरलं तरी शून्य हा आकडा काही पटण्यासारखा नव्हता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. फॉर्म रिसेप्शनच्या काउंटरवर, चार माणसांसमोर भरला जायचा. शेजारी आई, नाहीतर नवरा. पेन दोरीला बांधलेलं. तिथं कोण लिहील?

मी फॉर्म दोन भागांत तोडला. काउंटरवर फक्त हृदय, रक्तदाब, सांधे. बाकीचं दुसऱ्या आठवड्यात, आतल्या खोलीत, तोंडी. त्यात तीन प्रश्न नव्याने घातले. झोप कशी लागते? औषधांपैकी मला माहीत असावं असं काही आहे का? आणि याआधी व्यायाम सुरू करून का सोडला होता? या शेवटच्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सने शिकवलेलं नाही. 'वेळ नव्हता' म्हणणारे भरपूर. पण 'ट्रेनर सगळ्यांसमोर जाडे म्हणायचा', 'बाळंतपणानंतर रडूच येत राहायचं', 'वडील गेले आणि मग कशातच...' असं म्हणून थांबणारेही निघाले.

मालकांना हा प्रकार पसंत नव्हता. एका माणसामागे वीस मिनिटं जास्त, ती पगारात कुठं धरायची? मी ती माझ्या चहाच्या वेळेतून काढली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ट्रेनरला पर्सनल ट्रेनिंगचं टार्गेट असतं, रिन्यूअलवर इन्सेंटिव्ह असतो, आणि 'मन' नावाचा रकाना पगाराच्या स्लिपवर नसतो. हे करू पाहणाऱ्याला पहिली अडचण हीच येते.

औषधांच्या बाबतीत एक कबुली द्यायची आहे. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी एका मुलीने मला विश्वासाने सांगितलं होतं की ती डिप्रेशनच्या गोळ्या घेते आणि त्यानंतर सहा किलो वाढलेत. मी म्हणालो होतो, "या गोळ्यांनी वाढतंच. व्यायाम नीट चालू ठेव, हळूहळू बंद करून टाक." अगदी ठामपणे. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बार खाली ठेवला. म्हणाल्या, काही औषधांनी वजन वाढतं हे खरं आहे, म्हणून तर ते डॉक्टरला सांगायचं असतं. औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते. मनाने एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बट्ट्याबोळ आणि वर मूळ आजार उलटण्याची भीती. त्या मुलीने माझं ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. तिचा नंबर आता लागत नाही.

तेव्हापासून औषधांबद्दल मी एकच वाक्य बोलतो, "हे तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि काय म्हणाले ते मला सांगा, मी तुमचा व्यायाम त्याप्रमाणे बदलतो." ही बदलण्याची बाजू मात्र मला शिकावी लागली. घबराटीसाठी काहींना प्रोप्रॅनोलॉल देतात. त्याने हृदयाचे ठोके फारसे चढत नाहीत. ट्रेडमिलवरचा आकडा बघून 'तुम्ही जोर लावत नाही' म्हणणारा ट्रेनर तिथं साफ चुकतो. अशा माणसाशी चालताना गप्पा मारायच्या. वाक्य पुरं बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, एवढी धाप पुरे. दुसरं लिथियम, मनाचे टोकाचे चढउतार आवरायला देतात ते औषध. हे ऐकून मला घाम फुटला होता, कारण स्पर्धेच्या नाहीतर फोटोशूटच्या आधी पाणी तोडणं आणि मीठ बंद करणं आमच्या धंद्यात सर्रास चालतं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण चढतं आणि त्याची बाधा होऊ शकते. अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन घेतलं तरी तोच धोका. माझ्याकडे असे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर माझं त्यांच्या डंबेलपेक्षा जास्त लक्ष असतं.

मग मला उत्साह चढला. मॅडमनी बोलता बोलता १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचा उल्लेख केला. ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशन असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ लोकांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन ही गोळी, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा. मी म्हणालो, "मॅडम, हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावतो!"

"लाव," त्या म्हणाल्या, "पण खाली हेही लिही की गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर आराम पडला होता. आणि व्यायामवाल्यांना आठवड्यातून तीनदा, गटात, कुणाच्या तरी देखरेखीखाली करवून घेतलं होतं. नुसतं 'जा, पळ' म्हणून सोडलं नव्हतं."

भिंतीवर काहीच लागलं नाही. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्या एकत्र करून काढलेला आढावा आला, चौदा हजारांहून जास्त लोकांचा. डिप्रेशनमध्ये चालणं-धावणं, योगासनं आणि वजनं उचलणं यांचा चांगला उपयोग होतो, असं त्यात निघालं. या खेपेला मी आधी विचारलं, "मॅडम, यात खाली काय लिहायचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आजार पहिल्यांदा काय खातो माहीत आहे? सुरुवात करायची ताकद. औषध चांगलं आहे, पण बाटलीचं झाकण उघडेना, अशी गत."

झाकण उघडायचं काम ट्रेनरचं, एवढं मला समजलं. त्याला मोटिव्हेशन उपयोगी पडत नाही. आधी मी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सगळ्यांच्या तोंडावर मारायचो, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. त्याच मार्गदर्शनात काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालसुद्धा बरी असंही म्हटलेलं आहे, ते मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. आता ज्याचे दिवस वाईट चाललेत त्याच्याशी करार असा असतो: बूट घालून या, पाच मिनिटं चाला, मग घरी जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. आणि खरंच अडवायचं नाही. एक बाई सलग चार दिवस पाच मिनिटं चालून घरी गेल्या. दुसरे ट्रेनर माझ्याकडे बघून हसत होते. पाचव्या दिवशी त्या अकरा मिनिटं चालल्या. सहाव्या दिवशी आल्याच नाहीत. सातव्या दिवशी पुन्हा पाच.

आता नव्वद सेकंदांबद्दल. जड सेट झाला की दीड मिनिट विश्रांती द्यावी लागते. पूर्वी त्या वेळात मी मोबाइल बघायचो, नाहीतर घड्याळ दाखवून हाकारे घालायचो. एकदा लक्षात आलं की लोक बोलतात ते याच वेळात. समोरासमोर बसवून 'बोला' म्हटलं तर शब्द फुटत नाही. पण बाकावर शेजारी बसून, दोघांची तोंडं आरशाकडे, हातात पाण्याची बाटली आणि श्वास अजून वर, अशा वेळी माणूस सहज बोलून जातो. शिवाय त्याला माहीत असतं की दीड मिनिटाने पुढचा सेट आहे. जास्त झालं तर उठून बार धरता येतो.

पण विचारायचं काय? 'कसे आहात?' या प्रश्नाला आपल्याकडे 'मस्त, मजेत' याखेरीज उत्तर नाही. घर जळत असलं तरी मजेत. इथं मला आमचे वस्ताद आठवले. त्यांनी आयुष्यात कुठल्या पोराला 'तुझं मन कसं आहे' विचारलं नसेल. ते विचारायचे, "जेवलास का रं? काय जेवलास?" आणि उत्तर न ऐकता ताटाकडे बघायचे. कुणी दोन दिवस भाकरी टाकून उठला की तिसऱ्या दिवशी वस्ताद त्याला घेऊन नदीवर पोहायला जायचे. तिथं काय बोलणं व्हायचं ते कुणालाच कळायचं नाही. अजून पन्नास मार म्हणणारे ते आणि नदीवर नेणारेही तेच. मी मात्र पुण्याला येताना अर्धेच वस्ताद बरोबर आणले होते.

म्हणून मी झोप आणि जेवण विचारतो. "रात्री किती वाजता झोपलात? मध्ये जाग आली का? सकाळी काय खाल्लं?" हे ट्रेनरने विचारणं कुणाला खटकत नाही, ते आमचं कामच आहे. उत्तरं मी वहीत लिहितो, वजनाच्या आकड्यांशेजारी. दोन आठवडे ओळीने 'पहाटे तीनला जाग', 'जेवण नको वाटतं' असं दिसलं, नेहमीचं वजन उचलेना, कपडे तेच ते, विनोदावर हसू नाही, की मग पुढचं विचारायचं. "गेले काही दिवस तुम्ही नेहमीसारखे वाटत नाही. काही त्रास चाललाय का?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला स्क्वॉटपेक्षा अवघड गेलं. चार सेकंदं झाली की जीभ वळवळते: पॉझिटिव्ह राहा, विचार करू नका, लोकांची दुःखं बघा किती मोठी. ही तिन्ही वाक्यं मी वर्षानुवर्षं वाटलीत. आता फार तर "अवघड आहे हो" एवढंच म्हणतो.

मध्यंतरी मला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सापडली होती, पीएचक्यू-९ म्हणतात तिला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. आकडे बघून ट्रेनरचा जीव हरखतो. दीडशे प्रती काढल्या. मॅडमनी एक हातात घेतली. "नववा प्रश्न वाच." तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा होता. "याला कुणी 'रोज' असं उत्तर लिहिलं तर पुढच्या दहा मिनिटांत तू काय करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रती रद्दीत गेल्या. पण ती दहा मिनिटं काय करायची हे मी त्यांच्याकडून शिकून घेतलं. दोन रविवार गेले त्यात. ते शिकलो नसतो तर पुढचा प्रसंग कसा निभावला असता, कल्पना करवत नाही.

निवृत्तीला आलेले एक काका होते. पत्नी गेल्याला वर्ष झालेलं. संध्याकाळी सातला यायचे, नेमाने. एक दिवस त्यांनी आपली सायकल आमच्या झाडलोट करणाऱ्या मुलाला देऊन टाकली. सगळे वाहवा करत होते. मला ते बरं वाटलं नाही, कारण त्या सायकलीला ते कुणाला हात लावू देत नसत. वहीत बघितलं तर तीन आठवडे पहाटेची जाग. छातीच्या दुसऱ्या सेटनंतर ते बाकावरच बसून राहिले आणि म्हणाले, "आता फार दिवस त्रास देणार नाही तुम्हाला."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार लोटून घेतलं, कडी लावली नाही. आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे आडवळण न घेता विचारलं, "काका, तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असं विचारल्याने ते विचार मनात घातले जातात, अशी माझीही समजूत होती. तसं होत नाही, हे आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर टॉवेल घेतला. बराच वेळ टॉवेल खाली आला नाही.

माझी साडेसातची पर्सनल ट्रेनिंगची मेंबर बाहेर थांबली होती, काचेवर टकटक करून गेली. मी काकांना एकटं सोडलं नाही. 'कुणाला सांगू नका' म्हणाले, तेव्हा 'नाही सांगणार' असं वचन दिलं नाही. म्हणालो, "जिममध्ये कुणाला सांगणार नाही. पण घरातल्या एकाला तरी सांगावं लागेल. कुणाला सांगू ते तुम्ही ठरवा." त्यांनी मेहुण्यांचं नाव घेतलं. मेहुणे यायला अर्धा तास लागणार होता. तोवर १४४१६ लावला. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फोन स्पीकरवर टाकला, पलीकडच्या बाईंनी काकांशी बोलायला सुरुवात केल्यावर तो त्यांच्या हातात दिला आणि मी कोपऱ्यातल्या मॅटवर बसलो. मेहुणे आले आणि त्याच रात्री त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर "काही नाही, दमलोय" म्हणालो. 'मजेत'च्या जातीचंच उत्तर. आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, अकराला मोडतो, पाचला पुन्हा जुळतो आणि रात्री दहाला संपतो. त्यात दीडशे जणांची झोप वहीत लिहिणाऱ्याची स्वतःची झोप पाच तास. आठवडाभर रात्री मला तो टॉवेल दिसत राहिला. शेवटी मीच एका समुपदेशकाकडे जाऊन बसलो, चार वेळा. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "कसे आहात?" मी म्हणालो, "मस्त."

काका सहा आठवड्यांनी आले. औषधं चालू होती, चेहरा जरा उघडला होता. तीन महिने नीट आले. मग रिन्यूअल केलं नाही. मेहुण्यांनी कळवलं की ठीक आहेत, सकाळी टेकडीवर जातात. जिममध्ये आलं की ती संध्याकाळ आठवते, म्हणून नको म्हणतात. मला वाईट वाटलं. मग वाटलं, टेकडी काय वाईट आहे.

बाकी बदल लहानसहान आहेत. वजनकाटा फ्लोअरवरून उचलून आतल्या खोलीत ठेवला. पूर्वी तो दारातच होता आणि आकडा शेजारच्यालाही दिसायचा. 'आज समोसा खाल्लात ना, मग वीस बर्पी' हे बंद. खाणं हा गुन्हा आणि व्यायाम ही शिक्षा असं एकदा डोक्यात बसलं की ते निघत नाही. एक मुलगी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येऊन ट्रेडमिलवर पळायची, चक्कर आली तरी थांबायची नाही. पूर्वी मी तिचं उदाहरण इतरांना दिलं असतं. तिला आधी विश्रांतीचे दिवस लावून दिले, मग आमच्याकडच्या महिला ट्रेनरने तिच्याशी पाळी, जेवण याबद्दल बोलणं काढलं, आणि डॉक्टरांचं लेखी येईपर्यंत धावणं थांबवलं. ती आमच्यावर भयंकर चिडली. अजूनही नीट बोलत नाही, पण येते. आणि तिच्या उलट टोकाचा एक कॉलेजचा मुलगा, एवढे दंड असूनही भर मे महिन्यात अंगात दोन टी-शर्ट घालून येणारा, आरशात स्वतःला काडी दिसणारा. याला नाव आहे, मसल डिसमॉर्फिया. तो बाहेर कुठे तरी इंजेक्शनांचा 'कोर्स' करतोय अशी मला शंका आहे. त्याच्यापर्यंत मी अजून पोचलेलो नाही.

भिंतीवरचे 'आधी-नंतर'चे फोटो मी काढायला लावले होते. दिवाळीच्या ऑफरला मालकांनी ते परत लावले. नवीन मेंबर त्यांनीच येतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. वाद घालून तह झाला: फोटो लावा, पण ज्याचा आहे त्याची लेखी परवानगी घ्या आणि आतल्या बाजूला नको.

'कारणसम्राट' तर त्या सप्टेंबरच्या रात्रीच संपला. आता जो आठवडाभर दिसत नाही त्याला मी एकट्याला मेसेज करतो. 'तुमची आठवण आली. उद्या सकाळी मी आहे. नाही जमलं तरी हरकत नाही, उत्तर द्यायचीही गरज नाही.' बहुतेक जण उत्तर देत नाहीत. दोन निळ्या खुणा होतात, तेवढ्या मला पुरतात.

मेडिकलच्या दुकानातल्या त्या दादालाही, माफी मागून, मी महिन्यातून एकदा असाच मेसेज करत होतो. सात महिने नुसत्या निळ्या खुणा. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी सकाळी नऊला त्याचा मेसेज आला, 'किती वाजेपर्यंत असता?' मी लिहिलं, 'अकरा.'

पावणेअकराला तो आला. पायात चपला. बूट घालायला गेलो असतो तर घरीच बसलो असतो, म्हणाला. चपलांवर कुणाला ट्रेडमिलवर चढू देत नाही, तो नियम मीच केलेला. मग आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो आणि गाड्यांच्या रांगांमधून पाच मिनिटं चाललो. सहाव्या मिनिटाला त्याने विचारलं, "अजून एक चक्कर मारायची का?"